जुनं पिस्तूल खरंच पोलिसांकडचं आहे का, हे कसं शोधायचं

"हे पोलिसांकडचं आहे" एवढं एक वाक्य जोडलं की जुन्या पिस्तुलाची किंमत लगेच चढते, आणि बऱ्याचदा त्या वाक्यामागे एकही कागद नसतो. म्हणून माझं म्हणणं असं की आधी नंबर, मग शिक्के, मग कागद, आणि विकणाऱ्याची गोष्ट सगळ्यात शेवटी ऐकायची.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) रिकामा आहे का ते डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपून पण बघा, आणि मगच पुढचं. तुमच्याकडचं लायसन्स, ट्रान्सफरचे कागद हे पण आधीच सरळ असू द्या. अजून एक, प्लीज पॉलिश करू नका, जुन्या फिनिशमध्ये आणि झिजेतच अर्धा पुरावा असतो आणि तो एकदा घासला की गेला.

आता नंबर. फ्रेम, स्लाइड, नळी, सगळीकडचे नंबर पुढच्या-मागच्या अक्षरांसकट लिहून घ्या, मॅगझिनवरचा पण, ग्रिप काढता येत असेल तर तिच्याखाली बघा, आणि तिरका उजेड टाकून फोटो काढा म्हणजे पुसट ठसे उठून दिसतात. कारखान्याचा सिरीयल नंबर वेगळा आणि पोलीस खात्याने आपल्या हिशोबासाठी टाकलेला नंबर वेगळा, हा दुसरा बऱ्याचदा हाताच्या मशीनने खरवडलेला, ओबडधोबड असतो. त्याला खराबी समजून लोक नाक मुरडतात पण शोधायला तोच कामाला येतो.

शिक्क्यांच्या बाबतीत जर्मन पिस्तुलं सगळ्यात जास्त बोलतात. प्रशिया या जर्मन राज्याच्या पोलिसांच्या ल्युगर पिस्तुलावर ग्रिपच्या पुढच्या पट्टीवर युनिटचा शिक्का असायचा, उदाहरणार्थ एस. डी. म्हणजे ड्युसेलडॉर्फची शुट्झपोलिझाय (गणवेशातले पोलीस), आणि मॅगझिनवर पिस्तुलाच्याच नंबरापुढे १ किंवा २ असायचं, म्हणजे मूळ मॅगझिन सोबत आहे का तेही कळतं. नाझी काळातल्या वॉल्थर कंपनीच्या पीपी, पीपीके पिस्तुलांवर गरुड आणि शेजारी सी किंवा एफ अक्षर असेल तर ती पोलिसांनी माल स्वीकारल्याची खूण. नंतरच्या पश्चिम जर्मन पिस्तुलांवर प्रूफ हाउसच्या (शस्त्र चाचणी करणाऱ्या संस्थेच्या) शिक्क्याजवळ वर्षाची दोन अक्षरं दिसतात, त्यात ए म्हणजे ०, बी म्हणजे १ असं मोजत जायचं, त्यात J हे अक्षर सोडलेलं आहे म्हणून के म्हणजे ९. आय-ई असेल तर १९८४, झालं.

शिक्का नकली पण मारतात, हे कायम डोक्यात ठेवा. ठशाच्या आत चकचकीत धातू आणि कडा उचललेल्या दिसल्या तर शंका घ्या, पण लगेच नकली ठरवू नका, कारण खात्याने माल आल्यावर शिक्का मारला असेल तर तो फिनिशच्या नंतरचाच असणार. खरा प्रश्न हा की आजूबाजूचा भाग झिजलाय तेवढाच तो ठसा पण झिजलाय का. ड्यूटीच्या पिस्तुलाची झीज ओळखू येते, नळीचं तोंड आणि स्लाइडच्या कडा होल्स्टरने (कमरेला पिस्तूल ठेवायच्या म्यानाने) पांढऱ्या पडलेल्या आणि आतून मात्र नळी छान, कारण रोज कमरेला असतं पण चालवलं फार जात नाही.

मग कारखान्याचं पत्र मागवा. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन पिस्तूल कंपनीचं हिस्टॉरिकल फाउंडेशन आणि कोल्ट या दुसऱ्या कंपनीचं अर्काइव्ह (जुन्या नोंदींचा विभाग) फी घेऊन रेकॉर्ड बघून देतात, पिस्तूल कधी निघालं आणि कुणाला पाठवलं. त्यात होलसेलरचं नाव आलं तर निराश होऊ नका, पोलिसांच्या ऑर्डरी डीलरमार्फत पण जायच्या. पण तारीख नीट बघा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ घेतलं १९६७ मध्ये, आता कुणी तेच सांगून विकत असेल आणि पत्रात १९६० निघालं तर मधली सात वर्षं ते कुठे होतं हे विचारायलाच पाहिजे.

पुढचा दरवाजा पोलीस खात्याचाच. अमेरिकेत शहर पोलिसांना केंद्राचा माहिती कायदा लागत नाही, त्या त्या राज्याचा ओपन रेकॉर्ड्स कायदा लागतो, त्याखाली अर्ज करा. "या पिस्तुलाची हिस्टरी द्या" असं मोघम लिहू नका, सिरीयल नंबर द्या आणि शस्त्र वाटपाचं रजिस्टर, डीलरला जुना माल देऊन नवा घेतल्याची यादी आणि बिल असं नाव घेऊन मागा. जुनी कागदपत्रं नष्ट केली असं उत्तर आलं तर सिटी कौन्सिलच्या मीटिंगची मिनिट्स (बैठकीच्या नोंदी) बघा, शस्त्रखरेदीची मंजुरी तिथे सापडू शकते आणि ही मिनिट्स सहसा टाकून देत नाहीत.

एटीएफ या अमेरिकेच्या शस्त्रांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं नॅशनल ट्रेसिंग सेंटर नंबरावरून शोध लावतं, पण फक्त तपास यंत्रणांसाठी, जुनी शस्त्रं जमवणाऱ्याने विचारून उपयोग नाही. तरी पैसे देण्याआधी नंबर चोरीला गेलेल्या यादीत आहे का ते स्थानिक पोलिसांकडून तपासून घ्या, खात्यातनंच गायब झालेलं पिस्तूल निघालं तर ते परत जाईल आणि पैसेही जातील.

इम्पोर्टरचा शिक्का पण शोधा, छोटा असतो, नळीवर किंवा फ्रेमखाली. तो असेल तर "आजोबांनी युद्धातनं आणलं" ही गोष्ट टिकणं अवघड, कारण १९६८ नंतर अमेरिकेत आयात मालावर इम्पोर्टरचं नाव टाकणं बंधनकारक झालं.

रिटायर होताना अधिकाऱ्याने स्वतःच विकत घेतलेलं असेल तर खात्याचं लेटरहेडवरचं पत्र, नेमबाजीच्या परीक्षेचं कार्ड, होल्स्टर हे सगळं घरच्यांकडे मागा, आणि घरच्यांनी तोंडी सांगितलेलं पण सही-तारखेसकट लिहून घ्या. ते कारखान्याच्या पत्रासोबत एकाच फाइलमध्ये लावा, आणि कुठली गोष्ट कागदावर आहे आणि कुठली नुसती सांगितलेली ते प्रत्येक पानावर वेगवेगळं लिहा.