नवा कॅमेरा कसा पारखावा: फोटोही, आणि त्यामागचा कारखानाही

फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेरा घ्यायला गेलात की दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो आणि मग थेट भाव. मधलं सगळं आपल्याला खोदून विचारावं लागतं. आणि हा कॅमेरा कोणाच्या हातून जोडला गेला, हे तर सहसा कोणी विचारतच नाही. दोन्ही चौकशा एकाच खरेदीत करता येतात.

१. घरूनच गरज ठरवून निघा

ए-फोर आकाराच्या उत्तम छपाईला सुमारे ९० लाख पिक्सेल, म्हणजे ९ मेगापिक्सेल लागतात. आज बहुतेक कॅमेरे २० मेगापिक्सेलच्या पुढे आहेत, तेव्हा हा आकडा बाजूला ठेवा. सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार, लेन्स आणि हातातली पकड जास्त महत्त्वाची. जुना कॅमेरा धड असेल तर फक्त एक चांगली लेन्स घेऊन भागतंय का, तेही बघा. वर्षानुवर्षं वापरलेल्या कॅमेऱ्याइतका नैतिकदृष्ट्या निर्दोष कॅमेरा दुसरा नाही, असं माझं मत आहे.

२. पेटीवरचं लेबल वाचा

आपल्या वजनमाप कायद्यानुसार आयात केलेल्या पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. हे नसेल तर माल बहुधा ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला. ‘बिल नको म्हणा, जीएसटीचे १८ टक्के वाचतील’ असं कोणी कानात सांगितलं, तर भारतातल्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

‘मेड इन’पुढचा देश म्हणजे फक्त शेवटची जोडणी झाली ती जागा. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला तेव्हा अयुथया इथला निकॉनचा कारखाना बंद पडला. २०१६ च्या भूकंपात जपानमधला सोनीचा कुमामोतोचा सेन्सर कारखाना थांबला, आणि सोनीचे सेन्सर वापरणाऱ्या इतर कंपन्यांनाही त्याची झळ बसली. ‘जपानी’ वाटणाऱ्या एका कॅमेऱ्यात किती गावं असतात, ते अशा वेळी कळतं.

म्हणून चीन वाईट आणि जपान चांगला, हा हिशेब सोडा. २०१० साली चीनमधल्या शेनझेनच्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स जोडणाऱ्या कंपनीतल्या कामगारांच्या आत्महत्यांनी जग हादरलं हे खरं. पण जपानच्या परदेशी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजनेतही पिळवणुकीच्या इतक्या तक्रारी झाल्या, की २०२४ मध्ये ती गुंडाळून नवी योजना आणायचा कायदा करावा लागला. मुंबईकरांना तर हे सगळं परकं वाटायला नको. अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीच उभं राहिलं.

३. कंपनीचं निवेदन उघडा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण खरी पारख इथेच होते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यामुळे तिथे व्यवसाय करणाऱ्या, ३.६ कोटी पौंडांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी ‘मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट’, म्हणजे वेठबिगारीसारखे प्रकार रोखायला काय केलं याचं निवेदन, प्रसिद्ध करावं लागतं. कंपनीच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधा. गंमत अशी, की ‘आम्ही या बाबतीत काहीच केलेलं नाही’ एवढं लिहूनही कायदा पाळल्यासारखा होतो. त्यामुळे निवेदन आहे यावर खूश होऊ नका, आत काय लिहिलंय ते वाचा.

नोकरीसाठी दलालाला दिलेले पैसे (इंग्रजीत ‘रिक्रूटमेंट फी’) हा शब्दप्रयोग सगळ्यात आधी शोधा. मलेशियासारख्या देशात नेपाळ, बांगलादेशातले कामगार कर्ज काढून येतात आणि ते फिटेपर्यंत अडकून पडतात. हे पैसे कामगाराला परत दिले का, किती जणांना, हे लिहिलेलं असेल तर कंपनीने खरंच कुठेतरी डोकावलंय असं समजा. मग कामाचे तास. रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स या उद्योगसंघटनेची आचारसंहिता ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालते. किती कारखाने तपासले आणि त्यात ही मर्यादा कुठे मोडली, हे सांगणारा अहवाल मला ‘सर्व काही उत्तम’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

शेवटी खनिजं. कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं यांबद्दल अमेरिकेचा २०१० चा कायदा तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ती कुठून आली याची चौकशी करायला लावतो. बॅटरीतला कोबाल्ट मात्र त्या कायद्यात नाही, आणि जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो; तिथल्या हातखाणींत मुलंही राबतात. म्हणून कोबाल्टचा उल्लेख कंपनी आपणहून करते का, ते बघा.

४. दुकानात स्वतःचं मेमरी कार्ड न्या

कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. परवानगी घेऊन दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) १६००, ३२०० आणि ६४०० वर तोच फोटो काढा आणि घरी संगणकावर पूर्ण आकारात बघा.

मग एक चाचणी जरूर करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचणारा) लावून, वेग १/५०० सेकंद ठेवून अशा दिव्याखाली फोटो काढा. आडवे काळे पट्टे आले, तर सेन्सर हळू वाचला जातोय. तोच शटर ठेवून रस्त्यावरून जाणाऱ्या बेस्टच्या बसचा फोटो घ्या. बस तिरकी दिसली की तेच निदान पक्कं. मेकॅनिकल, म्हणजे खरा पडदा हलणारा शटर असेल तर ही अडचण बरीचशी टळते. ज्या कॅमेऱ्यात तो मुळीच नाही, तिथे मात्र ही चाचणी सोडू नका. लग्नाच्या हॉलमधले दिवे तुमची वाट बघत असतात.

आपल्या पावसाळ्यात वेदर सीलिंग (पाणी-धूळ आत जाऊ न देणारी बांधणी) उपयोगी, पण त्यावर विसंबून भिजू नका. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा.

५. पैसे देण्याआधी दोन प्रश्न

मुंबईत अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे? आणि बॅटरी वेगळी मिळते का, केवढ्याला? उत्तरं टाळली गेली तर दुसरं मॉडेल बघा. बिलावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी तिथेच जुळवा.

६. जुन्याचं काय करायचं

चालू असेल तर विका किंवा शिकणाऱ्या कोणाला द्या. बंद असेल तर भंगारात टाकू नका. गाळ्यांत हातोडीने फोडताना लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्या. त्याआधी बॅटरी काढून तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, आणि मेमरी कार्ड आत राहिलं नाही ना, ते बघा.