काँक्रीटचं मॉडेल, मेश आणि एक्सेल : सिव्हिलवाल्यांनो, या चुका टाळा

काँक्रीटची ताकद मशीन लर्निंगने सांगायची, हा सिव्हिलच्या प्रोजेक्टांचा लाडका विषय. डेटाही बहुतेक वेळा तोच : आय-चेंग ये यांच्या १९९८च्या अभ्यासातला, १,०३० नोंदींचा. सिमेंट, पाणी असे सात घटक आणि काँक्रीटचं वय दिलेलं, ताकद ओळखायची.

एका गटाने आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो याचं माप; १ म्हणजे तंतोतंत) ०.९च्या वर आणला आणि व्हायवाला छाती काढून बसला. मी म्हटलं, बाकी सगळं तसंच ठेवा आणि एका मिक्समधलं (घटकांच्या एका ठरावीक मिश्रणातलं) पाणी भरपूर वाढवा. त्यांच्या मॉडेलच्या मते काँक्रीट होतं तसंच मजबूत! पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घसरते हे अमेरिकी संशोधक डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये सांगून ठेवलंय, आणि या मुलांनी स्वतः लॅबमध्ये क्यूब फोडलेत. पण तो विषय वेगळा, हा वेगळा!

गोम डेटाच्या विभागणीत होती : कुठल्या ओळी मॉडेलला शिकायला द्यायच्या, कुठल्या परीक्षेला. या डेटात एकाच मिक्सच्या ३, ७, २८ दिवसांच्या नोंदी वेगवेगळ्या ओळींत आहेत. ओळी सरसकट पिसल्या की त्याच मिक्सच्या काही ओळी शिकायला जातात, काही परीक्षेला. म्हणजे पेपर फुटलेलाच. मिक्सनुसार विभागणी करायला लावली, तर आर-स्क्वेअर धाडकन खाली आला. मी सातही घटक जोडून आधी मिक्स क्रमांकाचा रकाना करतो आणि चाचणीसाठी अख्खे मिक्स बाजूला काढतो. सायकिट-लर्न या पायथॉनच्या लायब्ररीत त्यासाठी ग्रुप-के-फोल्ड आयतं आहे. पण ते शोधायला पाच मिनिटं थांबावं लागतं, आणि थांबायची कोणाची तयारी नसते.

दुसरी चूक फायनाइट एलिमेंटची, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे पाडून संगणकावर ताण काढायच्या पद्धतीची. रंगीत चित्र आलं की उत्तर आलं, असा समज. नॉर्वेतल्या स्लेइपनर-ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया ऑगस्ट १९९१ मध्ये बुडाला. मोक्याच्या जागी मेश (त्या तुकड्यांची जाळी) जाडाभरडा होता आणि शिअर स्ट्रेस (कातर ताण) ४७ टक्के कमी धरला गेला. म्हणून मेश बारीक करून उत्तर किती हलतं ते बघा. पण आतल्या टोकदार कोपऱ्यात मेश जितका बारीक कराल तितका स्ट्रेस चढतच जातो. तो आकडा डिझाइनला घेऊ नका. मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी डब्ल्यूएल-वर्ग भागिले आठ, हे साध्या बीमच्या मोमेंटचं सूत्र, कागदावर मांडतो. आधारांवरच्या रिअॅक्शनची बेरीज भाराइतकी आली नाही, तर रंग बघतही नाही.

बाकी किरकोळ, पण छळणारं :

सॅम्पलला '३-७' असं नाव दिलंत की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. नावाआधी अक्षर लावा.

रकान्याच्या मथळ्यात एकक लिहा. 'लोड' एवढंच लिहिलेली फाइल मी परत पाठवतो.

एआयकडून आणलेला कोड चिकटवायला हरकत नाही, पण कुठल्या ओळीत बीमची रुंदी आहे ते सांगता आलं पाहिजे.

शिक्षकांनो, पहिल्या वर्षी पायथॉनचा एक पेपर घ्यायचा आणि पुढे चाळणी चाचणीचा आलेख मात्र हातानेच काढून घ्यायचा, हे बंद करा. निदान लॅब जर्नलमधल्या नोंदी तरी कोडमधून जाऊ द्या.

आणि सर्व्हेवाल्यांनो, यूटीएम नॉर्दिंग (नकाशावरचा उत्तरेकडचा आकडा, मीटरमध्ये) सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या आकड्यात, साठवू नका. वीस लाख मीटरच्या आसपास त्याची पायरीच (लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर) साडेबारा सेंटिमीटरची असते. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने मिलिमीटरात घेतलेलं माप तिथेच वाया जातं.