लाळग्रंथींच्या दुर्मीळ सौम्य गाठी : निदान आणि उपचार

पुण्यातल्या बाह्यरुग्ण विभागात कानाच्या पाळीखालची सूज घेऊन येणारे बरेच जण तिला ‘गालगुंड’ म्हणतात आणि लेप लावण्यात त्यांचे काही महिने गेलेले असतात. तपासणी हातांनीच सुरू करावी. हातमोजा घातलेले बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून ग्रंथी चाचपावी. मग जिभेवर लिंबू पिळून, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आत असलेल्या नळीच्या तोंडातून लाळ स्वच्छ येते, गढूळ येते की येतच नाही, हे टॉर्च धरून पाहावे. जेवताना फुगणारी सूज बहुधा लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याची असते. रुग्णाला डोळे घट्ट मिटायला आणि गाल फुगवायला अवश्य सांगावे, कारण चेहऱ्याची नस कानापुढच्या ग्रंथीतूनच जाते आणि ती लुळी पडत असेल, तर गाठ सौम्य, म्हणजे कर्करोगाची नसलेली, समजू नये.

त्यानंतर सोनोग्राफी आणि बारीक सुईची तपासणी करावी. कानापुढच्या गाठीवर थेट चिरा देऊन तुकडा काढणे मला कधीच पटलेले नाही. त्याने नसेला इजा होऊ शकते आणि प्लिओमॉर्फिक अडेनोमा (लाळग्रंथींत नेहमी आढळणारी सौम्य गाठ) असल्यास पेशी सांडून गाठ पुन्हा उद्भवते.

दुर्मीळ गाठींत नावानेच घाबरवणारा ‘कुटनर ट्यूमर’ म्हणजे खरे तर जबड्याखालच्या ग्रंथीचा जुना, कडक झालेला दाह. त्यात आयजीजी४ हे प्रतिपिंड तपासावे, कारण त्याच्याशी निगडित प्रकारात स्टिरॉइडने ग्रंथी मऊ पडते. दोन्ही बाजूंना पाण्याच्या गाठी दिसल्यास शस्त्रक्रियेआधी एचआयव्हीची तपासणी सुचवावी. ससून रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रात औषधे मोफत मिळतात आणि त्यांनी या गाठी पुष्कळदा आक्रसतात.

सर्वांत जास्त जपावे लागते ते टाळूवरच्या नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया या लाळग्रंथींच्या सौम्य विकाराला. रक्तपुरवठा तुटल्याने, कधी दात काढताना दिलेल्या इंजेक्शननंतर, टाळूवर खोल, कडेने उठलेला व्रण पडतो. तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. बायॉप्सी करावीच, पण नमुना खोल असावा आणि पॅथॉलॉजिस्टला व्रण किती दिवसांत आला हे लिहून कळवावे, कारण ग्रंथीच्या खंडिकांची (छोट्या भागांची) मूळ रचना टिकून आहे, हे ओळखण्यावरच सारे अवलंबून असते. निदान पक्के झाल्यावर शस्त्रक्रिया नको. साधारण ६ ते १० आठवड्यांत व्रण आपोआप भरतो, तोवर दर पंधरवड्याला तो मोजून नोंदवावा, आणि तो भरत नसेल तर बायॉप्सी पुन्हा करावी.

कानापुढची खरी गाठ मात्र भोवतालच्या निरोगी ग्रंथीसह, नस जपून काढावी. नंतर जेवताना त्या गालावर घाम येऊ शकतो, हे रुग्णाला संमतीपत्रावर सही घेण्याआधीच समजावून सांगावे.