रात्रीच्या पाळीला बॅटरी कोणती न्यायची?

"किती लुमेनची घेऊ?" असं कोणी विचारलं की मी त्याला आधी खाली बसवतो. लुमेन, म्हणजे खोक्यावरचा उजेडाचा मोठा आकडा, डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही समजावून सांगता येत नाही.

बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे आत घालतात तो सेल आणि हातात धरतात ती बॅटरी, म्हणून इथेही तसंच लिहितो. शिकारीसाठी बॅटरी शोधत असाल तर पुढे वाचू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला मारलं तर 3 ते 7 वर्षांची कैद आहे. मी लिहितोय ते नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या आपल्यासारख्यांसाठी. थ्री-फेजची पाळी रात्रीची आली की एक वाजता मोटर चालू करायला नाहीतर कांद्याला बारं द्यायला जावंच लागतं, आणि शेजारी दहा महिन्यांचा ऊस उभा असतो. तुम्ही बिबट्याला बघायच्या आधी तो तुम्हाला बघणारच. तो कुठे आहे हे आपल्याला वेळेत कळावं आणि आपण मागे फिरावं, एवढंच बॅटरीचं काम.

गमबूट, काठी, सोबतीला माणूस. हे सांगायला लागू नये.

झोत

सगळी चूक इथे होते. मीही केली.

चार-पाच वर्षांपूर्वी मी खोक्यावर मोठा आकडा बघून एक बॅटरी आणली. घराच्या ओट्यावरून लावली तर अंगणात लग्नाचा मांडव पडल्यासारखा उजेड. घरचे खूश, मीही खूश. द्राक्षाच्या बागेत गेलो आणि खोड लक्षात आलं. जवळची पानं, तारा, अँगल असे लखलखायला लागले की डोळे दिपायचे आणि त्यापलीकडे काळं कुट्ट. प्रकाश भरपूर होता, पण सगळा दहा पावलांत सांडत होता.

लुमेन म्हणजे बॅटरीतून चहूकडे मिळून किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. तो एका दिशेला किती जोरात जातो ते सांगतं कॅन्डेला. पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाढत नाही पण धार लांब जाते, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. पंपाचं एकूण पाणी म्हणजे लुमेन, अंगठ्याने काढलेली धार म्हणजे कॅन्डेला. आपल्याला धार हवी.

चांगल्या कंपन्या खोक्यावर कॅन्डेला आणि पल्ला दोन्ही छापतात. नुसते कॅन्डेला असतील तर त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तो मीटरमधला पल्ला. 10,000 कॅन्डेला म्हणजे 200 मीटर. पल्ला 400 मीटर हवा असेल तर कॅन्डेला 40,000 लागतात, म्हणजे दुपटीसाठी चौपट. आणि त्या 200 मीटरवर हुरळून जाऊ नका. ते अंतर मोजतात जिथे प्रकाश 0.25 लक्स उरतो तिथपर्यंत, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात बांधावर बसलेला बिबट्या आणि मातीचा ढिगारा वेगळा सांगता येतो का बघा. मी खोक्यावरच्या पल्ल्याचा तिसरा हिस्साच खरा धरतो.

त्या हिशोबाने 10,000 ते 20,000 कॅन्डेला आणि 500 ते 1,000 लुमेन ही शेताची बॅटरी. सत्तर ते नव्वद मीटरपर्यंत नीट दिसतं आणि पायाजवळ थोडा पसरट उजेडही राहतो. लाख कॅन्डेलाच्या बॅटऱ्या मिळतात, पण त्यांचा झोत पेन्सिलीसारखा. लांबच्या निलगिरीच्या शेंड्यावर टिपका पडतो आणि पायाखाली घोणस असली तरी दिसत नाही.

तोंड पुढे-मागे सरकवून झोत बारीक-मोठा करायची झूमची बॅटरी मी कुणाला घेऊ देत नाही. बारीक केली की समोर चौकोनी ठिपका पडतो, बाकीचा प्रकाश आतच वाया जातो, आणि त्या सरकत्या तोंडातून पाणी हमखास आत शिरतं. काचेच्या आत गुळगुळीत, खोल वाटी असेल तर झोत लांब जातो. वाटी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत असेल तर प्रकाश पसरतो. दुकानात एवढं डोळ्यांनीच बघून घेता येतं.

धरायची कुठे

चांगली बॅटरी घेऊनही मी एकदा आंधळाच होतो. पौष महिना, आम्ही दोघं चुलतभाऊ मोटरीकडे निघालेलो. माझ्या हातात नवी बॅटरी, कमरेजवळ धरलेली. त्याच्या डोक्याला पट्ट्याची स्वस्तातली छोटी. उसाच्या कडेला तो थबकला.

"नाना, हलू नका. बांधाला डोळे हायेत."

मी झोत तिकडेच टाकलेला. गवत दिसत होतं, बांध दिसत होता, डोळे नाही. त्याने माझा हात धरून बॅटरी माझ्या कानशिलाला लावली आणि दोन हिरवट-पिवळे दिवे एकदम पेटले. कमरेएवढ्या उंचीवरही नव्हते, त्याहून खाली. आम्ही पाठ न दाखवता मागे सरकलो. मोटर त्या रात्री बंदच राहिली, घरी बोलणी बसली.

कारण साधं आहे. बिबट्या, कोल्हा, कुत्रा, गाय, शेळी यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. तो प्रकाश जिथून आला त्याच वाटेने परत पाठवतो. बॅटरी कमरेला असेल तर तो कमरेकडे परत येतो आणि तुमच्या डोळ्यांना पत्ताच लागत नाही. बॅटरी डोळ्याच्या जितकी जवळ तितके डोळे चमकतात. म्हणून शोधताना कानशिलाजवळ धरायची, झोत हळू फिरवायचा आणि नजर झोताबरोबर न्यायची.

चालताना मात्र उलट. तेव्हा बॅटरी कमरेजवळ किंवा त्याहून खाली, म्हणजे ढेकूळ, पाईप, साप यांची सावली पडते आणि ते उठून दिसतात. डिसेंबर-जानेवारीत गोदाकाठी धुकं उतरलं की नुसत्या डोक्याच्या बॅटरीवर निघूच नका. डोळ्यांजवळचा प्रकाश धुक्यावर आपटून तोंडावरच परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. माझं मत पक्कं आहे: डोक्याला मंद उजेडाची एक, हातात झोताची एक. एकीत दोन्ही कामं करायला जाऊ नका.

डोळ्यांच्या रंगावरून "हा बिबट्याच" असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून लांब राहा. कोन बदलला की रंग बदलतो. मी उंची आणि हालचाल बघतो. उंचावर आणि संथ हलणारे असतील तर बहुतेक गुरं. अंगठ्याच्या नखाहून बारीक, गवतात जागोजागी चमकणारे ठिपके असतात ते कोळी, नवखा माणूस त्यांनाच घाबरतो. दोन डोळे एकत्र, जमिनीलगत आणि हलत नसलेले दिसले की मी खात्री करत बसत नाही. रानडुक्कर मात्र फसवतं. त्याच्या डोळ्यात तो थर नसतो, त्यामुळे डोळे चमकले नाहीत म्हणजे समोर काही नाही असं धरू नका. मक्यात खसखस ऐकू आली की आधी थांबा.

दिसलेल्या डोळ्यांवर झोत रोखून धरायचा नाही. दगड तर मुळीच मारायचा नाही. झोत थोडा बाजूला घ्यायचा, आवाज करायचा, त्याला जायला वाट ठेवायची आणि आपण आल्या वाटेने परत. जनावर रोज त्याच भागात दिसत असेल तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे.

माग बघताना

सकाळपर्यंत धीर नसेल आणि वाटेवरच्या फुफाट्यात पाऊल दिसलं, तर बॅटरी वरून मारू नका. वरच्या उजेडात ठसा सपाट होऊन नाहीसा होतो. बॅटरी घोट्याएवढी खाली आणून आडवा उजेड टाका, खळग्यात सावली भरते आणि कडा उठतात. नखांची टोकं उमटली नसतील आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतील तर मांजराच्या कुळातलं. नखं दिसली तर बहुतेक गावातलाच कुत्रा. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा. मागावर चालत उसात शिरणं हा मूर्खपणा आहे, त्यात पिल्लं असली तर जास्तच.

याच कामासाठी प्रकाशाचा रंग बघून घ्या. तो केल्विनमध्ये मोजतात. निळसर पांढरा, 6,500 केल्विनचा उजेड झगझगीत दिसतो, पण त्यात माती, पाचट आणि तांबूस अंग सगळं एकसारखं राखाडी होतं. 4,000 ते 5,000 केल्विनमध्ये तपकिरी तपकिरीच दिसतं.

सेल आणि बटण

18650 किंवा 21700 हे आकडे म्हणजे सेलचं माप: पहिला 18 मिलिमीटर जाड, 65 लांब, दुसरा 21 जाड, 70 लांब. सेलमध्ये किती वीज मावते ते एमएएचमध्ये सांगतात, आणि 18650 मध्ये साधारण 3,500 ते 4,000 एमएएचच्या वर मावत नाही. त्यावर 9,900 छापलेलं दिसलं की सेल खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा. जादा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकला तर शॉर्ट होऊन पेटतो. मोटरीच्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळाभर बॅटरी ठेवू नका.

"10 तास चालते" यातले शेवटचे बरेच तास मिणमिणते असतात, कारण प्रकाश सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ त्यात धरतात.

पाणी लागणारच, आयपीएक्स7 तरी हवं. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. चारीत पडण्यासाठी पुरे.

बटणाबद्दल मी हट्टी आहे. एका दाबाला मोठा, मग मंद, मग लुकलुक अशी फेरी असलेली बॅटरी नको. समोर डोळे चमकलेत, हात कापतोय आणि बॅटरी डिस्कोसारखी लुकलुकायला लागली, हे माझ्यावर बेतलंय. लुकलुक लपलेली किंवा नसलेलीच बघा. बंद असताना बटण धरून ठेवलं की थेट सर्वांत मंद उजेड लागावा, कारण अंधाराला सरावलेले डोळे एका झगझगाटात जातात आणि परत यायला वीस-तीस मिनिटं घेतात.

घ्यायच्या आधी

मेन रोडच्या दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच बॅटऱ्या चांगल्या वाटतात. परत घेण्याची बोली करून रात्री बागेत न्या. आमच्या ओळी नऊ फुटांवर आहेत, तर वीस ओळी आडव्या म्हणजे 180 फूट. विसाव्या ओळीच्या टोकाला पोत्यावर एक तपकिरी गोधडी टाका आणि बांधावरून झोत मारा. गोधडी गोधडी म्हणून ओळखू आली तर ठेवा. नुसता उजेड दिसला आणि गोधडी नाही, तर सकाळी परत करा. दुकानदार परत घ्यायला आधीच नाही म्हणत असेल तर शेजारचं दुकान बघा.