मॅन्युफॅक्चर्ड, मॉड्युलर की मोबाइल होम: घर घेण्याआधी एवढं बघाच

अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षं झाली आणि भाडं दरवर्षी वाढतच जाणार हे कळलं, की रात्री जेवणं झाल्यावर झिलो ही घरांच्या जाहिरातींची वेबसाइट उघडून बसायची सवय लागते. तिथे कधीतरी एक घर दिसतं: तीन बेडरूम, लख्ख स्वयंपाकघर आणि किंमत आजूबाजूच्या घरांच्या निम्मीसुद्धा नाही. प्रकाराच्या रकान्यात ‘मॅन्युफॅक्चर्ड’ लिहिलेलं असतं. ऑफिसातला कोणी म्हणतो, “तो ट्रेलर आहे, त्या भानगडीत पडू नकोस.” दुसरा म्हणतो, “प्रीफॅब आहे, हल्ली सगळे घेतात.” दोघांच्याही बोलण्यावर जाऊ नका. कारखान्यात बांधलेल्या घराला लोक काहीही म्हणोत, कर्ज, विमा आणि कर हे सगळं त्याच्या कागदावरच्या नावावर ठरतं.

एक तारीख लक्षात ठेवा: १५ जून १९७६. त्या दिवसापासून अशा घरांना केंद्रीय गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे ‘हड’चा कोड लागू झाला. त्याआधी बांधलेलं ते मोबाइल होम, त्यानंतर या कोडनुसार बांधलेलं ते मॅन्युफॅक्चर्ड होम. १९८० मध्ये केंद्रीय कायद्यातही हेच नाव आलं. बोलताना मात्र लोक आजही दोन्हींना सरसकट मोबाइल होमच म्हणतात. या घराखाली पोलादी चासी, म्हणजे सांगाडा, कायमची असते, चाकं काढली तरी. बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक भागाला एक लहानशी लाल धातूची पट्टी असते. ‘डबलवाइड’ असेल तर दोन भाग, म्हणून दोन पट्ट्या. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये किंवा विजेच्या पॅनलजवळ ‘डेटा प्लेट’ नावाचा कागद चिकटवलेला असतो. घर कुठे आणि कधी बांधलं, किती वाऱ्यासाठी आणि छतावरच्या किती बर्फासाठी बांधलं, ते त्यावर असतं. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. घर घेतल्यावर ती पट्टी काढू नका.

मॉड्युलर घरही कारखान्यातच बनतं, पण ते त्या राज्याच्या किंवा गावाच्या नेहमीच्या बांधकाम नियमांनुसार, म्हणजे जागेवर बांधलेल्या घराला जे नियम लागतात त्यांनुसार. ट्रकवरून तुकडे येतात आणि क्रेनने पक्क्या पायावर बसवले जातात. त्यानंतर बँका त्याला ‘स्टिक-बिल्ट’ म्हणजे जागेवर बांधलेल्या घरासारखंच कर्ज देतात. जाहिरातीत ‘मॉड्युलर’ आणि भिंतीवर लाल पट्टी असेल, तर पट्टीचं ऐका. ‘प्रीफॅब’ हा नुसता ढोबळ शब्द आहे, त्यावरून काहीच ठरत नाही.

आता जमीन. बरीच अशी घरं पार्कमध्ये, म्हणजे भाड्याच्या जागेवरच्या वसाहतीत असतात. घर तुमचं आणि जमीन पार्कच्या मालकाची, असं असेल तर बहुतेक राज्यांत ते घर कायद्याने जंगम मालमत्ता ठरतं. गाडीसारखं त्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, असतं आणि त्यावर ‘चॅटल लोन’, म्हणजे जंगम मालमत्तेवरचं कर्ज, मिळतं. त्याचा व्याजदर घरकर्जापेक्षा जास्त आणि मुदत कमी. शिवाय दर महिन्याला जागेचं भाडं, म्हणजे ‘लॉट रेंट’, भरत राहायचं. घर स्वस्त पडलं या आनंदात आपली माणसं हा आकडा धरतच नाहीत, हे मी फार वेळा पाहिलंय. मागच्या पाच वर्षांत लॉट रेंट किती वाढलं, करार किती वर्षांचा आहे आणि पार्क अलीकडे कोणा गुंतवणूकदाराने विकत घेतलंय का, हे विचाराच. भाडं परवडेनासं झालं तर घर उचलून दुसरीकडे नेऊ, असं मनात आणू नका. हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं घर प्रवासात टिकेलच असं नाही आणि बरीच पार्क जुनी घरं घेतही नाहीत. काही ठिकाणी रहिवाशांनीच मिळून पार्क विकत घेतलेली आहेत. न्यू हॅम्पशरमध्ये हे १९८४ पासून चालू आहे. असं सहकारी पार्क जवळपास असेल तर आधी तिथे चौकशी करा.

जमीन तुमची असेल, घर पक्क्या पायावर असेल आणि टायटल रद्द करून ते स्थावर म्हणून नोंदवलं असेल, तर नेहमीचं घरकर्ज मिळू शकतं. पायाबद्दल बँक इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागू शकते. विकणाऱ्याकडे ते आहे का, हे ऑफर देण्यापूर्वी विचारा.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न आपल्याकडे पैशांच्याही आधी येतो. या घरांबद्दलचा तिटकारा जुना आहे. १९३० च्या दशकातले फिरते ट्रेलर, मग दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांजवळ कामगारांसाठी घाईने उभ्या केलेल्या वसाहती, पुढे गावांनी झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे, नियम करून अशा घरांना हद्दीच्या कडेला ढकलणं, यातून तो रुजला. आज ही घरं छपराखाली बनतात, बांधताना लाकूड पावसात भिजत नाही आणि टप्प्याटप्प्याने तपासणी होते. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अशी हजारो घरं भुईसपाट झाली, त्यानंतर १९९४ मध्ये वादळी भागांसाठी वाऱ्याचे नियम कडक झाले. तरी टॉर्नेडोची सूचना आली की या घरात थांबायचं नाही, ते नव्या घरालाही लागू आहे. सर्वात जवळचा निवारा कुठे आहे, हे राहायला जाण्याआधी बघून ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. ‘ट्रेलर ट्रॅश’ ही शिवी आहे. इथल्या गप्पांतून ती आपल्या तोंडी पटकन बसते आणि मुलं ती शाळेत घेऊन जातात. तुमच्या मुलाच्या वर्गातलं एखादं मूल अशाच घरातून येत असेल. घरात बोलताना ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणा.

जून १९७६ च्या आधीचं घर मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी आधी बँकेला आणि विमा कंपनीला फोन करा. बहुतेक बँका त्यावर कर्ज देत नाहीत आणि विमा मिळाला तर महाग पडतो. दोघांकडून लेखी उत्तर आल्याशिवाय विकणाऱ्याला इसाऱ्याचा एक डॉलरही देऊ नका.