दुपारी दोन ते चार

बँकेतली ३१ वर्षांची नोकरी संपली तेव्हा वाटलं, आता वेळच वेळ. मुलुंड ते सीएसएमटी जाऊन-येऊन रोजचे अडीच तास तर नुसते लोकलमध्येच जायचे. ते तास हातात आले आणि तीन महिन्यांत कुठे गेले, मला सांगता येईना.

तुमचंही असं होत असेल तर लगेच कुठला क्लास लावू नका. आधी आठवडाभर हिशेब लिहा. मी जुन्या डायरीत तासातासाला पेन्सिलीने लिहिलं. दुपारी दोन ते चारसमोर सातही दिवस एकच शब्द: मोबाइल. फार वाईट वाटलं.

मग काय करायचं? ‘मला काय आवडतं’ म्हणून विचारलं, तर यादीच लांबत गेली. ‘माझ्यापाशी असं काय आहे, जे कुणाला तरी लागतंय’ असं विचारल्यावर मात्र उत्तर आलं. मला मोठ्याने वाचता येतं. आईची नजर गेल्यावर तिला पेपर मीच वाचून दाखवायचे.

शेजारच्या वहिनींच्या ओळखीतून कल्याणचा एक अंध विद्यार्थी भेटला. बी.ए.ला, विषय इतिहास. त्याला लागणारी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. अशी ओळख नसेल तर जवळच्या कॉलेजात विचारा, किंवा वरळीला नॅबमध्ये. अंधांसाठी काम करणारी ही संस्था १९५२ पासूनची आहे.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो. तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवा, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ला फुसफुस येते. पंखा बंद. उकडतं, पण त्याची घरघर पूर्ण फाइलभर ऐकू येते. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि पान सांगा. पान बदललं की नवा आकडा बोला, त्याला परीक्षेच्या आधी नेमकं तेच शोधायचं असतं. एका फाइलला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

तक्ता आला की थांबा. रेल्वेच्या प्रकरणात मी आधी सगळी सालं वाचली, मग सगळे मार्ग. त्याचा फोन आला, “काकू, कुठलं साल कुठल्या मार्गाचं?” मला इतकं लागलं ते! पुन्हा वाचलं, एकेक ओळ आडवी: “१८५३, बोरीबंदर ते ठाणे. १८५४, ठाणे ते कल्याण.” “म्हणजे आमच्याकडे वर्षभरात आली की गाडी,” तो म्हणाला. नकाशा असेल तर काय कुठे आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगा.

पुस्तक असं वाचून द्यायला कायद्याची अडचण नाही. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी तशी मुभा दिली आहे. पण ती फाइल त्यांच्यापुरतीच ठेवा, युट्यूबवर टाकू नका.

आणि कबूल कराल ते थोडंच करा. मी मंगळवार आणि शुक्रवार, एवढंच ठरवलं. परीक्षेची तारीख आपल्यासाठी थांबत नाही. लग्नकार्य असलं तर आधीच कळवा.

मी मुद्दाम सावकाश वाचायचे. तो म्हणाला, “काकू, नेहमीसारखं वाचा, मी दुप्पट वेगाने ऐकतो.” आता तसंच वाचते. पुढचं प्रकरण बेचाळीस पानांचं आहे, मंगळवारी सुरू करायचंय.