मुंबईच्या दमट हवेत मॅरेथॉनचा सराव : बूट, मोजे आणि कपडे कसे निवडावेत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते; तिचा सराव मात्र भर पावसाळ्यात सुरू करावा लागतो. त्यामुळे शर्यतीच्या दिवशीचा पहाटेचा गारवा डोळ्यांसमोर ठेवून खरेदी करणे चुकीचे ठरते. आपले बूट आणि कपडे ऑगस्टचा पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा आणि बाराही महिने निथळणारा घाम सोसणारे असावेत.

सर्वाधिक पैसा आणि वेळ बुटांवर खर्च करावा. पाय दिवसभरात थोडे सुजतात आणि लांब धावतानाही सुजतात, म्हणून दुकानात संध्याकाळी जावे व धावण्याचे मोजे सोबत न्यावेत. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. ती नसेल तर उतारावर बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात. माप दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट निवडावा. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जात असेल, तर एक नंबर मोठा घेण्याऐवजी त्याच नंबरातला ‘वाइड’ प्रकार मागावा, कारण लांबी वाढवली की टाच आत सरकू लागते. टाच किंचित उचलली जात असेल, तर सर्वांत वरच्या जादा छिद्रातून नाडी ओवून बांधून पाहावी. शक्य असल्यास दुकानातच थोडे धावावे. ‘वापरता वापरता सैल होईल’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबू नये; बूट पहिल्या मिनिटापासून सुखद वाटला पाहिजे.

बुटाच्या तळाच्या टाचेखालील आणि चवड्याखालील उंचीतील फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि तो शून्यापासून सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत असतो. आजवर १० मिलिमीटरच्या बुटात धावणाऱ्याने एकदम शून्यावर उतरू नये, कारण पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध यांच्यावर अचानक ताण येतो. वेगासाठी तळात कार्बन प्लेट, म्हणजे कडक पट्टी, बसवलेल्या महागड्या बुटांचे आकर्षण मी समजू शकतो. पण पहिलीच मॅरेथॉन धावणाऱ्याने तोच पैसा रोजच्या सरावाच्या दोन जोड्यांवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

दोन जोड्या ही चैन नव्हे. साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाचे कुशनिंग थकते. आठवड्याला ४५ किलोमीटर धावणाऱ्याचे १६ आठवड्यांत ७२० किलोमीटर होतात. म्हणजे सप्टेंबरात घेतलेली एकच जोडी जानेवारीत शर्यतीच्या मार्गावरील पेडर रोडचा चढ चढेपर्यंत निकामी झालेली असू शकते. शिवाय पावसात भिजलेला बूट दुसऱ्या पहाटेपर्यंत अनेकदा वाळत नाही. आतील सोल बाहेर काढून, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो पंख्याखाली ठेवावा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नये, त्याने डिंक आणि फोम दोन्ही खराब होतात. पावसाळ्यासाठी तळाला चांगली पकड असलेले रबर हवे, कारण ओले पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे फार निसरडे होतात. वॉटरप्रूफ बूट मात्र टाळावेत. मुसळधार पावसात पाणी वरून आत शिरतेच आणि मग बाहेर पडत नाही.

मोजे सुती नसावेत. ओला सुती मोजा त्वचेला चिकटून घासतो आणि फोड येतात. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे, बोटांपाशी जाड शिवण नसलेले मोजे घ्यावेत.

हेच बनियन आणि टी-शर्टलाही लागू होते. दमट हवेत घाम लवकर उडून जात नाही, त्यामुळे सुती कापड तो शोषून जड होत जाते. पातळ, सैलसर, बिनबाह्यांचा पॉलिस्टरचा बनियन इथल्या हवेला सर्वांत योग्य. मांड्या घासत असतील तर आतून घट्ट अस्तर असलेली शॉर्ट्स घ्यावी आणि मांड्या, काखा व स्तनाग्रे यांना आधीच पेट्रोलियम जेली लावावी. स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्रा बुटांइतक्याच काळजीने निवडावी : दुकानात उड्या मारून आधार तपासावा, खालच्या पट्ट्यात जेमतेम दोन बोटे जावीत, आणि इलास्टिक सैल पडले की ती बदलावी.

पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावणाऱ्यांनी फिक्या रंगाचे, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घालावेत. पाण्याची बाटली हातात धरायची की कमरपट्ट्यात अडकवायची, हे ज्याने त्याने वापरून ठरवावे. लोकलने घरी परतणाऱ्यांनी कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवावा. घड्याळ साधे असले तरी चालते.

शर्यतीसाठीची जोडी नोव्हेंबरअखेर घ्यावी आणि डिसेंबरमधल्या किमान दोन लांब पल्ल्याच्या धावांना तीच जोडी, तेच मोजे आणि तीच शॉर्ट्स वापरावी. २५ किलोमीटरनंतरही कुठे घासले नाही, तर तोच संच जानेवारीसाठी बाजूला काढून ठेवावा. कुठे घासलेच, तर तेवढी एक वस्तू बदलायला अजून पुरेसे दिवस हाती असतात.